पायाच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे: ठणका आणि कंटाळा कसा आवरायचा

ऑपरेशन नीट होतं, एक्स-रेत हाड जागेवर दिसतं, आणि तरी दहाव्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजलेला असतो. नात्यात, गल्लीत, ओळखीपाळखीत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कोणी "पायाचं ऑपरेशन ठरलंय" म्हटलं, की मी त्यांना बसवून सगळा क्रम सांगते. चूक बहुतेकांची एकच असते. गोळ्यांची तयारी करतात, कंटाळ्याची करत नाहीत.

चौथ्या-पाचव्या दिवशी जरा बरं वाटतं. पडून राहवत नाही. माणूस उठून सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, येऊन बसतो, पाय खाली लोंबतो. अर्ध्या तासात पाय जड होतो, तासाभरात ठणका लागतो, रात्रीची झोप जाते. दुसऱ्या दिवशी डोकं चिडलेलं, त्यामुळे पडून राहणं आणखी नकोसं, म्हणून पुन्हा सोपा. कंटाळा आणि ठणका असे एकमेकांचा हात धरून येतात. म्हणून दोघांचा बंदोबस्त एकदमच करायचा, आणि तोही ऑपरेशनच्या आधी.

अंगठ्याच्या मुळाशी वाढलेलं हाड, चवड्याचं किंवा टाचेचं फ्रॅक्चर, घोट्यातली प्लेट आणि स्क्रू, अशा ऑपरेशननंतर घरी काढायच्या दिवसांसाठी हे लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

## १. ऑपरेशनच्या आधीचा आठवडा

सगळ्यात आधी डॉक्टरांकडून पाच गोष्टी कागदावर घ्या. तोंडी नको, कारण भूल उतरताना ऐकलेलं काही लक्षात राहत नाही.

- पायावर वजन टाकायचं का? अजिबात नाही, फक्त टाचेवर, की बूट घालून पूर्ण?
- कोणती गोळी किती वाजता, जेवणाआधी की नंतर, किती दिवस?
- नस बधिर करणारं इंजेक्शन देणार का, आणि त्याचा असर कधी उतरेल?
- ड्रेसिंग कधी, टाके कधी?
- रात्री त्रास झाला तर फोन कुणाला?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, शुगर असेल, पूर्वी अल्सर किंवा किडनीचा त्रास झाला असेल, तर ते स्वतःहून सांगा. कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आणि तंबाखू, सिगारेट, मिश्री. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका ती व्यसनात धरतच नाहीत, डॉक्टरांनी विचारलं तर "काही नाही" म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरायला आणि हाड सांधायला वेळ लागतो. शक्य तितकी आधी सोडा आणि सोडता येत नसेल तर तसं खरं सांगा.

आता घर. आमच्या कोल्हापुरात मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत झोपायची खोली माडीवर असते आणि जिना लाकडी, उभा. पहिले दोन आठवडे तरी बिछाना खाली आणा. पलंग असा ठेवा की संडास-मोरी दहा-बारा पावलांत येईल. भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोड खुर्ची लागेल. वॉकर, कमोड खुर्ची, कुबड्या हे सगळं भाड्यानं मिळतं, विकत घ्यायची घाई नको. वाटेतली पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी उचला. मोरीत प्लास्टिकची बिनहाताची खुर्ची नको. हात असलेली, पाय न फाकणारी घ्या.

वॉकरची सवय आधीच करा. ही एक गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही. उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथं वॉकरची मूठ असावी. आधी वॉकर पुढं, मग चांगल्या पायाची छोटी उडी, वॉकरच्या पुढच्या दांडीला न चिकटता. घरातल्या घरात रोज दहा मिनिटं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हे शिकायला गेलात, की दुखरा पाय हमखास टेकतो.

तपासा: वॉकरच्या चारही पायांचे रबर झिजलेले नाहीत ना? शहाबादी फरशी ओली असली की झिजलेलं रबर साबणासारखं सरकतं. ऑपरेशन जून ते ऑगस्टमध्ये असेल तर दारातून आत येणारं पाणी पुसायला एक माणूस ठरवून टाका, आणि लाइट गेली तर हाताशी बॅटरी असू द्या.

## २. उशांचा उतार

याला वेगळा टप्पा दिलाय, कारण "पाय वर ठेवा" म्हटलं की लोक टाचेखाली एक उशी सरकवतात. त्यानं दोन गोष्टी बिघडतात. पाय पुरेसा वर जात नाही, आणि सगळं वजन टाचेवर येऊन तिथली कातडी लाल होते, पुढं जखम होते.

बरोबर पद्धत अशी. आधी गादीच्या पायथ्याकडं एक घट्ट लोड आडवा ठेवा. त्याच्या अलीकडं दोन उशा, म्हणजे मांडीपासून पोटरीपर्यंत उतार तयार होईल. गुडघा किंचित वाकलेला आणि खालून टेकलेला असावा. तो अधांतरी राहिला तर तासाभरात मांडी भरून येते. पोटरी लोडावर, टाच लोडाच्या पलीकडं हवेत. एक बोट टाचेखालून आरपार गेलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे पाय छातीपेक्षा वर. पलंगावर टेकून बसलात आणि पाय समोर स्टुलावर ठेवला, तर ते "वर" नव्हे.

पहिले दोन आठवडे जागेपणीच्या प्रत्येक तासातली पन्नास मिनिटं पाय असा राहिला पाहिजे. जेवण, संडास, अंघोळ यांपुरता खाली.

## ३. पहिली रात्र

माझ्याही पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझी चूक इथं झाली. नस बधिर केलेली असल्यामुळे संध्याकाळी पाय लाकडासारखा होता, दुखणं शून्य. मी घरच्यांना म्हटलं, "काही दुखत नाही, गोळी कशाला?" डिस्चार्जच्या कागदावरही 'दुखल्यास घेणे' एवढंच होतं आणि बधिरपणा उतरेल हे कुणी बोललं नव्हतं. पहाटे अडीचला जाग आली तेव्हा अंगठ्यापासून घोट्यापर्यंत हातोडीचे घाव पडत होते. गोळी घेतली, पण तोंडातून घेतलेल्या गोळीला लागू पडायला अर्धा-पाऊण तास लागतो. तो पाऊण तास मी पलंगाची कड धरून काढला. मुलगा बाजूला बसून घड्याळ बघत होता.

घोट्याजवळ किंवा गुडघ्यामागे दिलेलं हे इंजेक्शन साधारण १२ ते २४ तास टिकतं, कधी त्याहूनही जास्त. म्हणून क्रम असा:

डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी दुखत नसतानाच, ठरल्या वेळेला सुरू करा. 'दुखल्यास घेणे' लिहिलं असेल तर घरी जायच्या आधीच विचारा, की पहिले दोन-तीन दिवस घड्याळानं घेतली तर चालेल का. बोटांत मुंग्या यायला लागल्या की असर उतरतोय असं समजा. कळ येण्याची वाट बघू नका. रात्रीच्या डोससाठी गजर लावा, उशाशी पाण्याची बाटली आणि दोन बिस्किटं ठेवा.

सावधान: पाय बधिर असताना बर्फ किंवा शेक लावू नका. कातडी भाजली किंवा गोठली तरी कळणार नाही. आणि बधिर पायावर उभं राहू नका, तो आहे असं वाटतं पण धरत नाही.

तपासा, दर दोन-तीन तासांनी: बोटांचा रंग नेहमीसारखा आहे का? नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी होतं का? बधिरपणा उतरल्यावर बोटं हलतात का, स्पर्श कळतो का? बोटं निळी-पांढरी-गार पडली, किंवा गोळी घेऊन, पाय वर ठेवूनही प्लास्टरच्या आत आवळून जीव जाईल असं दुखत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. प्लास्टर किंवा पट्टी घट्ट झालेली असू शकते, आणि तिथं तासांचा हिशोब असतो.

## ४. गोळ्यांची वही

शाळकरी वही घ्या. चार रकाने: वेळ, गोळी, दुखणं (० ते १०), पोट साफ झालं का. हे घरच्या एकाच माणसानं लिहायचं. दोघं लिहायला लागले की एक डोस दोनदा जातो किंवा एकदाही जात नाही.

दुखणं शून्यावर आणायचं नाही. झोप लागली पाहिजे, बोटं हलवता आली पाहिजेत, वॉकरवर संडासला जाता आलं पाहिजे. तीन-चारवर हे जमत असेल तर औषध बरोबर चाललंय.

सगळ्यात धोक्याची चूक पॅरासिटामॉलची. डोलो, क्रोसिन ही दोन्ही त्याचीच नावं. शिवाय 'दुखण्याची गोळी' म्हणून दिलेल्या बऱ्याच जोडगोळ्यांत, म्हणजे एसिक्लोफिनॅक किंवा ट्रॅमाडॉलच्या जोडीला, पॅरासिटामॉल आधीच असतं, साधारण ३२५ मिलिग्रॅम. वरून कुणीतरी "अंग गरम लागतंय" म्हणून आणखी एक देतं. निरोगी मोठ्या माणसाला २४ तासांत ४००० मिलिग्रॅम ही वरची हद्द आहे. यकृताचा त्रास, रोजची दारू किंवा वजन कमी असेल तर त्याहून बरीच कमी. म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा आणि वहीत गोळीच्या नावासमोर मिलिग्रॅम लिहा.

सूज उतरवणाऱ्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, रिकाम्या पोटी नको, आणि एका वेळी त्यांतली एकच. मेडिकलमधून "जरा स्ट्राँग द्या" म्हणून आणू नका. फोन करून डॉक्टरांना विचारायला दोन मिनिटं लागतात.

ट्रॅमाडॉलसारख्या गोळीनं गरगरतं आणि पोट कडक होतं. वॉकरवर गरगरणं म्हणजे पडणं, तेव्हा ती घेतल्यावर एकट्यानं उठू नका. पोटासाठी पहिल्या दिवसापासून पाणी, पालेभाजी, पपई, रात्री इसबगोल. तिसऱ्या दिवशी कुंथत बसलेला माणूस पायापेक्षा पोटानं जास्त हैराण असतो.

खाण्याचं थोडक्यात: हाड-जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, डाळ, उसळ, दूध, खात असाल तर मटण-चिकन. पांढरा रस्सा चालेल. तांबडा आणि कट वाढलेली मिसळ मात्र गोळ्या चालू असेपर्यंत बेतानं, जळजळ होते. भेटायला येणारे दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्रेमानं आणतात, ते तापवूनच प्या.

बर्फ: बधिरपणा पूर्ण उतरल्यावर, पंच्यात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं, मग तासभर विश्रांती. पट्टी जाड असेल किंवा प्लास्टर असेल तर गुडघ्याच्या मागे ठेवला तरी आराम पडतो. पट्टी ओली होता कामा नये.

दुखणं कुठल्या जातीचं आहे हे ओळखायला शिका. पाय खाली गेल्यावर येणारा ठणका हा रक्त खाली उतरून सूज वाढण्याचा. त्यावर आधी पाय वर, मग गोळी. विजेसारखी चमक किंवा जळजळ नसेची असते, साध्या गोळीनं ती फारशी हलत नाही, ती डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, त्यावर वेगळं औषध मिळतं. प्लास्टरच्या आतल्या खाजेला फूटपट्टी किंवा विणायची सुई घालू नका. बाहेरून हातानं थापटा.

आता लगेच: पोटरी दुखून सुजली, दाबल्यावर कळ आली, तर त्याच दिवशी दाखवा, शिरेत गुठळी झालेली असू शकते. अशा पोटरीला तेल लावून चोळू नका. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर १०८. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, पट्टीतून पू किंवा घाण वास, वाढत जाणारी लाली, हेही त्याच दिवशी. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली इंजेक्शनं किंवा गोळ्या "बरं वाटतंय" म्हणून मध्येच सोडू नका.

## ५. अंघोळ आणि जिना

अंघोळीला पाय दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकावर एक, वरून गुडघ्याखाली चिकटपट्टी. तरीही पाय पाण्यात नाही. शेजारच्या स्टुलावर, मोरीच्या बाहेर. प्लास्टर आतून भिजलं तर कोल्हापूरच्या जुलैत ते वाळत नाही, कातडी कुजते. भिजलं की लपवू नका, बदलून घ्या.

जिना टाळता येत नसेल तर बसून चढा-उतरा. पाठ जिन्याकडं, दोन हात आणि चांगला पाय यांवर एकेक पायरी. उभ्या लाकडी जिन्याला यापेक्षा सुरक्षित रीत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढं वजन टाकायची परवानगी मिळाल्यावर: चढायला चांगला पाय आधी, उतरायला दुखरा आधी. कुबड्या असतील तर वजन तळहातांवर. काखेत आणि कुबडीत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. काखेवर रेललात की हाताला मुंग्या येतात.

## ६. कंटाळा: दिवसाची बांधणी

दुसऱ्या आठवड्यात गोळ्या कमी होतात, भेटायला येणारे कमी होतात, घरचे आपापल्या कामाला लागतात. दुपारी दोन ते पाच हा वेळ सगळ्यात वाईट. पाय खाली येतो तो याच वेळात.

"वेळ मिळेल तेव्हा वाचेन" हे चालत नाही. दिवसाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला काम नेमा. माझे असे होते: सकाळी गोळी, नाष्टा, पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत. दहाला व्यायाम. मग घरकामातला माझा वाटा. जेवण, तासभर झोप, त्याहून जास्त नाही, नाहीतर रात्र जाते. तीन ते पाच हातानं करायचं काम. पाचनंतर माणसं.

घरकामातला वाटा हा माझ्या मते सगळ्यात मोठा उतारा. आजारी माणसाला घरचे काही करू देत नाहीत, आणि आपण ओझं झालोय हे त्याच्या मनात बसतं. लसूण सोलणं, शेंगा फोडणं, तांदूळ निवडणं, लाइटबिल भरणं, दूधवाल्याचा हिशोब, नातवाचा पाढा. पाय उतारावर, मांडीवर ताट, आणि काम खरं असलं पाहिजे. माझ्या सासूबाईंनी दुसऱ्या आठवड्यात पावट्याची टोपली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "हात हाईत न्हवं? सोल." त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मोबाइलचा भरवसा धरू नका. तासभर डोळ्यांसमोर धरला की मान आखडते, आणि मन काही भरत नाही. ऐकायचं जास्त ठेवा: रेडिओ, कीर्तन, जुनी नाटकं. फुटबॉलचा हंगाम असेल आणि तुम्ही एखाद्या तालमीच्या संघाचे असाल, तर मित्राला शाहू स्टेडियमवरून फोन चालू ठेवायला सांगा. आमच्या दिरांनी आख्खा सामना असा ऐकला, आणि दीड तास पाय लोडावरून हलला नाही. वाचनाची आवड असेल तर वाचनालयाची पुस्तकं आठवड्याला बदलून आणायचं काम एका भाच्याकडं द्या.

लांब पल्ल्याचं एक काम हवंच, जे दोन आठवड्यांत संपणार नाही. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागं नावं लिहिणं. आईच्या हातच्या मसाल्याचं प्रमाण मोजून उतरवणं. लांबचा हिशोब असला की उद्याची वाट बघावीशी वाटते.

वॉकरला कापडी पिशवी बांधा: फोन, पाणी, चष्मा, वही. दर दहा मिनिटांनी "जरा ते दे" म्हणावं लागलं की दोघंही चिडतात.

भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवा आणि ती घरच्या दुसऱ्या कुणीतरी सांगू द्या. त्यांच्यासमोर उठून बसू नका, पाय वरच ठेवून बोला. "चालायला लागा की वो, हाडं मोकळी हुतील," असं किमान तिघं म्हणतील. हळद-तुपाचा लेप, झाडपाल्याचं तेलही सुचवतील. मान डोलवा, पण जखमेवर काही लावू नका.

व्यायाम डॉक्टरांना विचारून: मांडी आवळून पाच मोजणं, गुडघा सरळ ठेवून पाय उचलणं, मोकळी असतील तर बोटं हलवणं. दर दोन तासांनी दहा-दहा. रक्त फिरतं, मांडी सुकत नाही, आणि दिवसाला खुणा मिळतात.

तपासा: तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मन खचतं, उगाच रडू येतं. हे बऱ्याच जणांना होतं. पण झोप, भूक दोन आठवडे उडाली, कशातच जीव लागेना, तर पुढच्या ड्रेसिंगला ते पायाच्या दुखण्याइतक्याच स्पष्टपणे सांगा.

## ७. टाके निघाल्यावर

टाके साधारण दोन-तीन आठवड्यांत निघतात. टाके निघाले म्हणजे हाड सांधलं असं नव्हे. कातडी आधी भरते. हाडाला सहा आठवडे आणि पुढं लागतात. एक्स-रे बघून डॉक्टर सांगेपर्यंत वजनाचा नियम तोच.

परवानगी मिळाली की पहिल्या दिवशी घरात दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी पंधरा. संध्याकाळी सूज येईल, ती सकाळपर्यंत उतरली तर प्रमाण बरोबर. सकाळीही पाय घट्ट असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक दिवस मागं या. रंकाळा तलावाची फेरी आठवड्याभरात नको; आधी गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत. संध्याकाळची सूज कित्येक महिने टिकू शकते.

दुचाकी सगळ्यात शेवटी. सिग्नलला गाडीचं वजन एका पायावर घेता येतं का आणि अचानक ब्रेक दाबताना कळ येते का, हे बंद गाडीवर बसून आधी बघा, मग डॉक्टरांना विचारा.

आणि आपली चप्पल. कोल्हापुरी चप्पल टाचेला धरत नाही, तळ कडक असतो, आणि अंगठ्याचं ऑपरेशन असेल तर अंगठ्याचा पट्टा नेमका त्याच जागी घासतो. ती सांभाळायला पायाची बोटं आवळून चालावं लागतं. मागून बंद, पुढं रुंद, पट्ट्यानं सैल-घट्ट करता येणारे बूट घ्या, आणि ते संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना मापून घ्या. सकाळी बसणारा बूट चार वाजता आवळतो. चप्पल तेल लावून, कागद कोंबून कपाटात ठेवा. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा पहिल्यांदा घरात पाच मिनिटं घाला आणि अंगठ्याच्या बेचक्यात लाली आली का बघा.